नाव टाकलं, केस दिसली, पोरगं बाद

कोल्हापूरजवळची शिरोली, गोकुळ शिरगाव, नाहीतर कागलची पंचतारांकित एमआयडीसी, कुठंही आता कामाला लागायचं म्हटलं की आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक देऊन भागत नाही, तुमचं नाव ई-कोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टातल्या केसेसची माहिती देणाऱ्या सरकारी साइटवर टाकून बघितलं जातं. मोठ्या कंपन्या हे काम बॅकग्राउंड चेकच्या एजन्सीला देतात, छोट्या कारखान्यात ऑफिसमधलाच कुणीतरी मोबाईलवर ॲप उघडून पाच मिनिटांत बघतो आणि 'स्टेट ऑफ महाराष्ट्र' विरुद्ध अमुकतमुक असं काही दिसलं की फाईल बाजूला. पोराला कुणी काही सांगत नाही. 'कळवतो' म्हणतात आणि कळवत नाहीत. मी एका फौंड्रीत माणसं घ्यायचं काम बघतो, त्यामुळं हे रोज डोळ्यासमोर घडतंय, आणि मला हे साफ चुकीचं वाटतं म्हणून लिहितोय. तपासणी नकोच असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की कोर्टाचं रेकॉर्ड खुलं ठेवलंय ते कोर्टावर आणि सरकारवर लोकांची नजर राहावी म्हणून, कुणाला त्याच्या माघारी कामावरनं बाद करण्यासाठी नाही. ज्याचं रेकॉर्ड बघायचं त्याला समोर बसवून ते बघितलं पाहिजे.

आधी हे बघतात कसं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की सरकारकडं एक मोठी यादी आहे आणि त्यात नाव असलं की माणूस गुन्हेगार. तसं काही नाही. साइटवर राज्य निवडायचं, जिल्हा निवडायचा, मग कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज असं कोर्ट निवडायचं, नावाची किमान तीन अक्षरं टाकायची, वर्ष टाकायचं, कॅप्चा भरायचा. मग यादी येते. केस नंबर, दोन्ही बाजूंची नावं, आत गेलं की कलम, पुढची तारीख, प्रत्येक केसचा वेगळा असा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर. त्यात जन्मतारीख नाही, फोटो नाही, आधार नाही. कित्येक केसमध्ये पहिल्या आरोपीचं नाव आणि पुढं 'व इतर'. आता करवीर नाहीतर पन्हाळा तालुक्यात जाऊन पाटील शोधा, गल्लीत एका नावाचे तिघं सापडतील, वडिलांचं नावसुद्धा जुळणारे सापडतील, आणि इंग्रजी स्पेलिंग तर पोलीस स्टेशनला वेगळं, कोर्टात वेगळं, आधारवर तिसरंच. एजन्सीच्या रिपोर्टवर बारीक अक्षरात 'पॉसिबल मॅच' लिहिलेलं असतं म्हणजे त्यांनी त्यांचे हात झटकले, पण वरती लाल रंगात 'रेकॉर्ड फाउंड' असतं आणि एचआरचा माणूस लालच बघतो, त्याला पंचवीस फाईली संपवायच्या असतात.

आणि नाव बरोबर जुळलं तरी काय? दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या कामाला, एक पोरगं आलं होतं. ग्राइंडरवर हात बसलेला, आधीच्या ठिकाणी तीन वर्षं काढलेली, रात्रपाळीला तयार. रिपोर्ट आला, 'क्रिमिनल केस पेंडिंग, एन्व्हायर्न्मेंट प्रोटेक्शन ॲक्ट'. ऑफिसात सगळे एकमेकांकडं बघायला लागले, कुणी म्हणालं केमिकलचं काहीतरी भानगड असेल, कुणी म्हणालं वाळूतस्करी. नेटवर कलम शोधलं तर तेव्हा ज्या कायद्याखाली केस झाली त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा. झालं, नकोच म्हणाले. मी त्याला फोन करून बोलावलं आणि समोर बसवून विचारलं. तो म्हणाला, "साहेब, गणपतीत डॉल्बी लावला हुता, मी मंडळाचा उपाध्यक्ष, अध्यक्ष आन मी, दोघांवर केस." कोल्हापुरात विसर्जन मिरवणूक बघितलेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. आवाजाची पातळी मोजतात, मर्यादेच्या वर गेला की मंडळाच्या पदाधिकाऱ्यांवर गुन्हा, आणि तो ध्वनिप्रदूषणाचा गुन्हा बसतो १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. नंतर जनविश्वास कायद्यानं त्यात बदल झाला, १ एप्रिल २०२४ पासून जेलऐवजी दंड आला, पण त्याच्या नावापुढची जुनी केस आहे तिथंच आहे. डॉल्बी लावणं बरोबर असं मी अजिबात म्हणत नाही, म्हाताऱ्या माणसांचे आणि लहान पोरांचे त्यात फार हाल होतात, केस झाली ते योग्यच झालं. पण त्याचा आणि ग्राइंडर चालवण्याचा संबंध काय? त्याला आम्ही घेतलं, कारण तो समोर बसला होता. समोर बसवलं नसतं तर कुणाला कधी कळलंही नसतं की हा डॉल्बीवाला होता, वाळूतस्कर नव्हता.

असल्या केसांनी आपली कोर्टं भरलीत. एससीसी (समरी क्रिमिनल केस) म्हणून जी यादी दिसते त्यात चेक बाउन्सच्या म्हणजे कलम १३८ च्या केसेस असतात, त्या फौजदारीतच मोडतात, धंद्यात मार खाल्लेला माणूस तिथं आरोपी म्हणून दिसतो. लॉकडाऊनमध्ये बाहेर पडला म्हणून कलम १८८, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचं कलम, लागलेले हजारो. ऊसदराच्या आंदोलनात रस्त्यावर बसलेले शेतकरी. टोलचं आंदोलन आठवा, एन. डी. पाटील सरांच्या मागं अख्खं शहर रस्त्यावर आलं होतं, २०१५ च्या शेवटी टोल गेला आणि त्याचा आनंद आपण सगळ्यांनी साजरा केला, पण जे पुढं होते त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले होते. त्यातल्या कुणा पोराला बंगळूरच्या कंपनीतला एचआर विचारत असेल की तुझ्यावर 'रायटिंग'ची म्हणजे दंगलीची केस का आहे, तर तो काय सांगणार, आणि समोरच्याला कोल्हापूरचा टोल काय माहीत?

निकालाचं तर आणखी अवघड आहे. केस दाखल झालेली लगेच दिसते, सुटलेलं तसं दिसत नाही. 'डिस्पोज्ड' म्हणजे निकाली, एवढंच वरती येतं, आत जाऊन बघितलं तर निर्दोष सुटला की समझोता झाला की गुन्हा कबूल करून दंड भरला ते कळतं, तेही नोंद नीट केली असेल तर, आणि ऑर्डरची पीडीएफ सगळ्यांची चढवलेली नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या २०२२ च्या अहवालात आयपीसीच्या गुन्ह्यांत निकाल लागलेल्यांपैकी शिक्षा झालेल्यांचं प्रमाण देशभरात ५४ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे निकालापर्यंत गेलेल्या केसांत जवळपास निम्म्यात शिक्षा होत नाही. त्या निम्म्यात सगळेच साधे असतात असं नाही, साक्षीदार फुटून सुटणारेही असतात, मला कळतंय. पण कोर्टानं सोडल्यावर परत माझ्यासारख्यानं ऑफिसच्या खुर्चीत बसून पाच मिनिटांत वेगळा निकाल द्यायचा, हा अधिकार मला कुणी दिला? आणि निकाल लागायचाच आठ-दहा वर्षांनी, तोवर पोराचं लग्नाचं वय, कामाचं वय निघून जातं, प्रत्येक तारखेला एक खाडा पडतो ते वेगळंच.

आता दुसरी बाजू. ती खरी आहे आणि मला ती टाळायची नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर जे झालं त्यानंतर शाळेत कुणालाही घेताना चारित्र्य पडताळणी करा असा शासन निर्णय आला, कंत्राटी माणसांसकट, आणि तो यायलाच पाहिजे होता, आधीच यायला पाहिजे होता. सिक्युरिटी गार्डचं तर २००५ च्या कायद्यातच आहे की एजन्सीनं त्याची पूर्वीची माहिती तपासल्याशिवाय ठेवायचं नाही. लहान मुलं, एकट्या राहणाऱ्या आजी, आजारी माणसं यांच्याजवळ कुणाला पाठवायचं असेल तर कडक तपासणी झाली पाहिजे, तिथं मी कसलीही सूट मागत नाही.

पण तिथंच ही नाव टाकून बघायची पद्धत सगळ्यात जास्त फसते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाका असा आदेश दिला, त्यातच सांगितलंय की लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद असल्या संवेदनशील केसांचे एफआयआर टाकायचे नाहीत. ते बरोबरच आहे, पीडितेची ओळख उघड होऊ नये. लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाला, तो फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना बघता येतो. म्हणजे ज्या माणसाची शाळेला खरी भीती आहे त्याचा एफआयआर पोलिसांच्या साइटवर सापडायचाच नाही आणि ज्यानं डॉल्बी लावला त्याचा सापडणार. शिवाय शोध जिल्हावार. परराज्यात कांड करून आलेला माणूस कोल्हापूर जिल्हा टाकून बघितला तर धुतल्या तांदळासारखा, आणि इथंच जन्मलेला, इथंच भांडलेला, इथंच मिटवलेला पोरगा काळ्या यादीत. ज्या शाळा नाहीतर सोसायट्या साइट बघून 'आम्ही चेक केलं' म्हणतात त्यांनी खरं तर काहीच चेक केलेलं नसतं, नुसतं समाधान करून घेतलेलं असतं. त्यांना पाहिजे पोलिसांकडची पडताळणी, ज्यात माणूस स्वतः अर्ज करतो, स्वतःची कागदपत्रं देतो, पोलीस स्टेशनला त्याची ओळख पटते आणि त्यांच्याकडच्या सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींच्या कॉम्प्युटर यंत्रणेत बघून दाखला निघतो. त्याला वेळ लागतो, हेलपाटे पडतात, पण तो दाखला त्या माणसाचा असतो, त्याच्यासारखं नाव असलेल्याचा नाही.

कोर्टाचं कामकाज उघड्यावर चालावं हे मला मनापासून पटतं. बंद खोलीत निकाल लागायला लागले तर गरिबाचंच सगळ्यात जास्त नुकसान. २०१६ चा तो आदेशसुद्धा मुळात आरोपीला आपल्यावर नेमका काय आरोप आहे ते लवकर कळावं, कॉपीसाठी पोलीस स्टेशनच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत यासाठी होता, आणि तोच एफआयआर आता त्याच्याच विरोधात प्रिंट काढून वापरतात. सुप्रीम कोर्टानंच पुढं जानेवारी २०२३ मध्ये चार्जशीट सरसकट वेबसाइटवर टाकायची मागणी फेटाळली, चार्जशीट हा सार्वजनिक दस्तऐवज नाही म्हणून सांगितलं आणि आरोपी, पीडित, तपास यंत्रणा या सगळ्यांच्या हक्कांचा विचार केला. म्हणजे किती उघडं ठेवायचं आणि कुणासाठी, हा प्रश्न कोर्टालाही पडलाय, तो आपल्याला कारखान्यात का पडू नये?

जिथं उघडं असायलाच पाहिजे ती जागा कुठली तर निवडणूक. २००२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर उमेदवाराला आपल्यावरच्या केसेस शपथपत्रात लिहाव्या लागतात, २०२० पासून पक्षालासुद्धा असा उमेदवार का दिला ते जाहीर करावं लागतं. जो माणूस आपल्यावर सत्ता चालवणार, आपल्या पैशाचा हिशेब ठेवणार, त्याचं सगळं आपल्याला दिसलं पाहिजे. तरीही नुसती केस चालू आहे म्हणून त्याला उभं राहायला बंदी नाही, बहुतेक गुन्ह्यांत दोन वर्षं नाहीतर जास्त शिक्षा झाली तरच तो अपात्र. आमदारकीतनं बाद व्हायला शिक्षा लागते आणि फौंड्रीच्या कोअर शॉपमध्ये वाळू भरायच्या कामातनं बाद व्हायला नुसता आरोप पुरतो, हे कुठल्या न्यायात बसतं ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

कोल्हापुरात राहून हा विषय लिहायचा आणि शाहू महाराजांचं नाव घ्यायचं नाही असं होऊच शकत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या. आपल्या संस्थानातही हजेरीची पद्धत होती, ठरावीक जातींच्या लोकांनी गावकामगारापुढं जाऊन हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर सांगून जायचं. महाराजांनी १९१८ मध्ये ती हजेरी बंद केली. आणि नुसती बंद करून थांबले नाहीत, ज्या फासेपारध्यांना बघून लोक दारं लावून घ्यायचे त्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. महाराजांना काय त्यांच्यावरचे आरोप माहीत नव्हते? सगळं माहीत होतं, माहीत असून त्यांनी माणूस समोर उभा करून त्याला काम दिलं. देशात तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. आणि आज त्याच समाजांतली पोरं एमआयडीसीच्या गेटवर आली की आडनाव बघून आधी त्यांचंच नाव साइटवर टाकलं जातं, हे मी बघितलंय. सुप्रीम कोर्टानं मे २०२४ मध्ये पोलिसांच्या हिस्ट्रीशीटबद्दल, म्हणजे नजरेखाली ठेवायच्या माणसांच्या नोंदीबद्दल बोलताना नेमकं हेच सांगितलं, की ती पोलिसांच्या आतल्या वापराची गोष्ट आहे, ती सार्वजनिक करायची नाही आणि जन्मानं मागास नाहीतर भटक्या-विमुक्त समाजातला आहे एवढ्यावरनं कुणाची नोंद होता कामा नये.

मग कायदा काय करतो? सरकारी नोकरीसाठी काही तरी धोरण आहे. २०१६ मध्येच सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की उमेदवारानं केस लपवली का, केस किरकोळ होती का, वय काय होतं, सुटला की शिक्षा झाली, पद कसलं आहे, हे सगळं बघून मग ठरवा. अल्पवयीन असताना काही झालं असेल तर २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणं पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी ते रेकॉर्ड द्यायचंच नाही. खासगी नोकरीला मात्र मोकळं रान. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला तेव्हा मला वाटलं आता काहीतरी होईल, पण त्यात जी माहिती कायद्यानं सार्वजनिक करणं बंधनकारक आहे तिला तो कायदा लागूच नाही असं लिहिलंय, त्यामुळं कोर्टाच्या साइटवरनं नावं उचलून विकणारी एजन्सी उद्या हेच कलम पुढं करणार.

अमेरिकेत हा धंदा आपल्यापेक्षा कितीतरी जुना आणि मोठा, तिथं १९७० पासून कायदा आहे, आज त्यात असं आहे की एजन्सीच्या रिपोर्टवरनं एखाद्याला नाकारायचं असेल तर नाकारायच्या आधी रिपोर्टची कॉपी त्याच्या हातात द्यायची, चूक असेल तर तो दाखवू शकतो, आणि शिक्षा न झालेली सात वर्षांपूर्वीची अटक सहसा रिपोर्टमध्ये घालायची नाही. इंग्लंडमध्ये १९७४ पासून ठरावीक वर्षं नीट राहिलं की जुनी शिक्षा बहुतेक नोकऱ्यांसाठी सांगावी लागत नाही, मुलांजवळच्या कामाला मात्र ती सवलत नाही. आपल्याकडं एवढं आलं तरी पुष्कळ होईल. रिपोर्टची कॉपी आधी उमेदवाराला, हे एक. दुसरं, निर्दोष सुटलेल्याचं नाव टाकल्यावर केस सापडू नये, केस नंबर टाकल्यावर सापडावी. निकाल पुसून टाका असं मी म्हणत नाही, मद्रास हायकोर्टानं २०२४ मध्ये एका सुटलेल्या माणसाचा निकाल साइटवरनं काढायला सांगितला त्याला सुप्रीम कोर्टानं जुलैत स्थगिती दिली आणि त्यातली काळजी मला पटते, निकाल हा सगळ्यांचा असतो, वकील, पत्रकार, विद्यार्थी यांना तो मिळालाच पाहिजे. पण निकाल वाचायला आरोपीचं नाव सर्च बॉक्समध्ये टाकायची गरज नसते.

मालक लोक म्हणतात, उद्या काही झालं तर जबाबदार कोण, पोलीस आम्हालाच विचारतील की बघून का घेतलं नाही. बरोबर आहे त्यांचं. स्टोअरमध्ये तांब्या-पितळेचा माल असतो, तिथं चोरीची शिक्षा झालेल्याला चावी देऊ नका, ड्रायव्हर घेताना दारू पिऊन गाडी चालवल्याची केस बघा, हे मीही करतो. आणि माणूस खोटं बोलला तर तो वेगळा मुद्दा, पण तो खोटं का बोलतो ते पण बघा ना, खरं सांगितलं की लगेच बाहेर हे त्याला पहिल्या दोन ठिकाणी कळून चुकलेलं असतं. आमच्या फॉर्मवर पूर्वी 'तुमच्यावर कोणतीही पोलीस केस आहे/होती का' असा प्रश्न होता, सगळे 'नाही' लिहायचे. आता विचारतो, 'गेल्या पाच वर्षांत कोर्टानं शिक्षा सुनावली आहे का, असल्यास कशाबद्दल', खाली चार ओळी मोकळ्या सोडल्यात, आणि लिहिलं म्हणून नाकारणार नाही, आधी बोलू, असं मराठीत छापलंय. पोरं लिहायला लागलीत. एजन्सीलाही सांगून ठेवलंय की नावाबरोबर वडिलांचं नाव, पत्ता आणि वय जुळल्याशिवाय 'रेकॉर्ड फाउंड' लिहायचं नाही, आणि निकाल काय लागला ते लिहिल्याशिवाय बिल पास होणार नाही. त्याला मालकांचा एक पैसा जास्त गेला नाही.

एवढं प्रत्येक कारखानदाराला उद्यापासून करता येतं, कायद्याची वाट बघायची गरज नाही. कायद्याचं म्हणाल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरात बसतंय, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सगळे इथं येतात, इतकी वर्षं आपल्या वकिलांनी त्यासाठी आंदोलनं केली. नाव टाकून शोधायच्या यादीतनं सुटलेल्या माणसांची नावं काढा, ही मागणी घेऊन एखादी याचिका आपल्या बेंचपुढं जावी. कुणी वकील हे काम हातात घेत असेल तर आमच्याकडनं गेलेल्या पोरांच्या रिपोर्टच्या कॉप्या, त्यांची परवानगी घेऊन, नावं झाकून, मी द्यायला तयार आहे.